टूलने लूप पाइपलाइन केला, मग आयआय ५ का आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मध्ये लिहिलेला इमेज प्रोसेसिंगचा एक ब्लॉक, टूल व्हिटिस एचएलएस (सी++ मधून चिपवरचं हार्डवेअर बनवणारं), कोडमध्ये एकही प्रॅग्मा, म्हणजे टूलला द्यायची सूचना, नाही. टूलने चारही लूप आपणहून पाइपलाइन केले, म्हणजे एक फेरी संपायच्या आतच पुढची सुरू होईल असे मांडले. साध्या कॉपीच्या लूपला आयआय (क्लॉकच्या किती सायकलनी पुढची फेरी सुरू होते तो आकडा) १ मिळाला, फ्लोटच्या (दशांश अपूर्णांकांच्या) बेरजेला ५, हिस्टोग्रामला (कुठल्या किमतीचे पिक्सेल किती, याच्या मोजणीला) २. चौथा लूप नेस्टेड आहे, म्हणजे लूपच्या आत लूप: बाहेर १०२४ फेऱ्या, आत ४८. त्यातला आतला लूप रिपोर्टमधून गायबच झाला आणि बाहेरच्याला आयआय २४ दिसतो. आता टूलवर विसंबायचं, की प्रत्येक लूपवर हाताने आयआय १ चा प्रॅग्मा टाकायचा?

पहिल्या तीन लूपवर टाकून बघा. आकडे तेच परत येतील, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्यासोबत आयआय व्हायोलेशनचे, म्हणजे मागितलेला आयआय जमला नाही असे, इशारे येतील. चौथ्यात आतल्या लूपवर टाकलात तर फरक नक्की पडेल: रिपोर्टमध्ये सुंदर आयआय १ दिसेल आणि ब्लॉक आधीपेक्षा जवळजवळ निम्म्या वेगाने चालेल. तो हिशेब खाली करून दाखवतो, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त तिथेच फसतो.

आधी टूल नेमकं काय करतं ते. आयआय म्हणजे इनिशिएशन इंटरव्हल, एक फेरी सुरू झाल्यावर किती सायकलनी पुढची फेरी आत सोडता येते तो आकडा. एका फेरीला पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत लागणाऱ्या सायकल म्हणजे पाइपलाइनची खोली. लूपला लागणारा एकूण वेळ = खोली + (फेऱ्या − १) × आयआय. फेऱ्या हजारात असतील तर खोली ८ असो की ३०, फारसा फरक पडत नाही. सगळं ओझं आयआयवर असतं.

हा आयआय टूल अंदाजाने ठरवत नाही. त्याला दोन बाजूंनी खालून मर्यादा असतात. एक साधनांची: एका फेरीत एका मेमरीतून ९ वाचनं हवीत आणि तिला पोर्ट (एका सायकलला एक वाचन किंवा लेखन होणारी दारं) दोनच आहेत, तर ९ भागिले २, वर पूर्णांक करून ५. झायलिंक्सच्या एफपीजीएतल्या (आतलं सर्किट हवं तसं मांडता येणाऱ्या चिपमधल्या) ब्लॉक रॅमला दोनच पोर्ट असतात, त्यामुळे ३×३ चा फिल्टर सरळ ॲरेतून वाचून लिहिला की हमखास आयआय ५ दिसतो. (त्यावरचा उपाय म्हणजे आधीच्या ओळी साठवणारा लाइन बफर आणि ९ रजिस्टरांची खिडकी, दर सायकलला एकच नवा पिक्सेल वाचायचा.) दुसरी मर्यादा डिपेन्डन्सीच्या चक्राची: एका फेरीचा निकाल पुढच्या एखाद्या फेरीला लागत असेल, तर त्या चक्रातल्या एकूण सायकल भागिले किती फेऱ्यांनंतर तो निकाल लागतो ते अंतर. या दोन्हींत जो आकडा मोठा, त्याच्या खाली कुठलाही शेड्युलर (कुठलं काम कुठल्या सायकलला करायचं हे ठरवणारा भाग) जाऊ शकत नाही. टूल त्या किमान आयआयने वेळापत्रक बसवायचा प्रयत्न करतं, नाही बसलं तर आयआय एकाने वाढवून पुन्हा.

याला मोड्युलो शेड्युलिंग म्हणतात आणि ते हार्डवेअर सिंथेसिसवाल्यांनी शोधलेलं नाही. राव आणि ग्लेझर यांनी १९८१ मध्ये मांडलं, मोनिका लाम यांनी १९८८ मध्ये व्हीएलआयडब्ल्यू (एका सूचनेत अनेक कामं एकदम देणाऱ्या) प्रोसेसरसाठी सॉफ्टवेअर पाइपलायनिंग म्हणून ते पुढे नेलं, राव यांची इटरेटिव्ह पद्धत १९९४ ची. हार्डवेअरसाठी काँग आणि झांग यांनी २००६ मध्ये शेड्युलिंग हा फरकांच्या असमीकरणांचा प्रश्न म्हणून मांडला, आणि २०१३ मध्ये त्याला मोड्युलो जोडलं गेलं. प्रोसेसरमध्ये आणि आपल्यात फरक एकच, पण मोठा. प्रोसेसरमध्ये गुणक किती ते आधीच ठरलेलं असतं. इथे गुणक कमी पडला तर टूल आणखी एक बनवतं. म्हणून आपल्याकडे साधनांची मर्यादा प्रत्यक्षात मेमरीच्या पोर्टांवर आणि बाहेरच्या बसवर येऊन ठेपते. आयआय का अडला हे शोधताना मी गुणक-बेरजकांकडे बघतही नाही. आधी मेमरी, मग चक्र.

आता तुमचा फ्लोटचा लूप. प्रत्येक फेरीत ॲरेतला एक आकडा उचलायचा आणि बेरजेत मिळवायचा. तुमच्या क्लॉकला फ्लोटची बेरीज ५ सायकल घेते आहे. फेरी १ ची बेरीज पूर्ण झाल्याशिवाय फेरी २ ची सुरूच होऊ शकत नाही, म्हणजे चक्र ५ सायकलचं, अंतर १ फेरीचं, आयआय ५. १०२४ आकडे आणि खोली ८ धरली तर ८ + १०२३ × ५ = ५१२३ सायकल. पाइपलायनिंग अजिबात नसतं तर ८१९२. आयआय १ मिळाला असता तर १०३१.

इथे बहुतेक जण विचारतात, टूलला एवढंही कळत नाही का की बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी चालते? पूर्णांकांत चालते, आणि तिथे असा प्रश्न मुळात येतच नाही, कारण पूर्णांकाची बेरीज एका सायकलमध्ये बसते. फ्लोटमध्ये क्रम बदलला की राउंडिंग बदलतं, उत्तर शेवटच्या काही बिटांत वेगळं येतं. तुम्ही सी मध्ये लिहिलेला क्रम हा टूलसाठी करार आहे. तो मोडायची परवानगी देणारा पर्याय असतो, आणि त्याच्या नावातच ‘अनसेफ’ असतं. मी तो सहसा लावत नाही, कारण तो नेमका कुठे काय फिरवेल हे माझ्या हातात राहत नाही.

त्यापेक्षा चक्रातलं अंतर वाढवा. एका बेरजेऐवजी ८ अर्धवट बेरजा ठेवायच्या. ८ घरांचं शिफ्ट रजिस्टर करा: प्रत्येक फेरीत शेवटच्या घरातली बेरीज काढायची, तिच्यात नवा आकडा मिळवायचा, सगळी घरं एकेक पुढे सरकवायची आणि निकाल पहिल्या घरात टाकायचा. आज टाकलेला निकाल बरोबर ८ फेऱ्यांनंतर बाहेर येतो. चक्र ५ चं, अंतर ८ चं, भागाकार एकाहून कमी, म्हणजे आयआय १. लूप संपल्यावर ८ घरांची एक छोटी बेरीज. हेच ८ घरांचा ॲरे घेऊन ‘फेरी मोड्युलो ८’ असा इंडेक्स देऊनही लिहिता येतं, पण मग अंतर ८ आहे हे टूलला त्या इंडेक्सवरून सिद्ध करावं लागतं आणि ते दर वेळी जमतंच असं नाही. सरकवण्यात सिद्ध करायला काही उरत नाही.

५ पुरत असताना ८ का? क्लॉक घट्ट केलं की बेरजेच्या सायकल वाढतात. शिवाय तुम्ही १० नॅनोसेकंद मागता तेव्हा व्हिटिस त्यातले २७ टक्के अनिश्चितता म्हणून बाजूला काढून ठेवतं. शेड्युलरच्या हातात ७.३ च येतात. आज ५ वर बसलेली बेरीज उद्या ७ वर गेली तरी ८ घरांना धक्का लागत नाही.

एक गोष्ट मात्र आठवणीने करा. मी हा बदल पहिल्यांदा केला तेव्हा टेस्टबेंच (डिझाइनची उत्तरं तपासणारा कोड) धडाधड फेल व्हायला लागला आणि माझा अर्धा दिवस शिफ्ट रजिस्टरमधली चूक शोधण्यात गेला. चूक टेस्टबेंचमध्ये होती: तो फ्लोटच्या उत्तरांची ‘बरोबर समान’ अशी तुलना करत होता. बेरजेचा क्रम बदलला म्हणजे शेवटचे बिट बदलणारच. आधी तुलनेत सहनशीलता घाला, मग लूपला हात लावा.

आणि तुम्हाला एकच लांब बेरीज करायची नसून प्रत्येक ओळीची वेगळी बेरीज हवी असेल, तर यातलं काहीच करू नका. लूपची अदलाबदल करा. ओळींचा लूप आत घ्या, म्हणजे लागोपाठच्या फेऱ्या वेगवेगळ्या बेरजांवर काम करतील. राउंडिंगसुद्धा बदलत नाही. माझ्या मते हा सगळ्यात स्वच्छ उपाय आहे, आणि आपण ओळ-स्तंभ याच क्रमाने विचार करत असल्यामुळे तो चटकन सुचत नाही.

हिस्टोग्राममध्ये चक्र मेमरीतून जातं. पिक्सेलच्या किमतीचा पत्ता, त्या पत्त्यावरचा आकडा वाचायचा, एक मिळवायचा, परत लिहायचा. वाचनाला एक सायकल, बेरीज आणि लेखनाला दुसरी. पुढचा पिक्सेल त्याच किमतीचा असू शकतो, म्हणून टूल अंतर १ धरतं आणि आयआय २ देतं. असू ‘शकतो’ एवढं त्याला पुरतं. पत्ता डेटावरून येतोय, दोन पत्ते कधीच सारखे नसतील हे त्याला सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही तिथे ते वाईटातलं वाईट गृहीत धरतं. तसंच करायला हवं.

इथे लोक डिपेन्डन्सीचा प्रॅग्मा टाकून ‘फेऱ्यांमध्ये अवलंबन नाही’ असं सांगतात आणि आयआय १ मिळवून खूश होतात. हा प्रॅग्मा म्हणजे तुमची साक्ष आहे. टूल ती तपासत नाही. मी होतो त्या एका टीममध्ये हे झालं होतं. टेस्ट इमेज होती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उजळत जाणारी पट्टी, शेजारचे दोन पिक्सेल कधीच सारखे नाहीत. सी सिम्युलेशन पास, आरटीएलबरोबरचं (टूलने बनवलेल्या हार्डवेअरच्या वर्णनाबरोबरचं) को-सिम्युलेशनही पास. बोर्डवर कॅमेरा जोडला, लेन्सचं झाकण काढायचं राहिलं होतं, सगळी फ्रेम काळी. शून्याच्या घरात जो आकडा आला तो एकूण पिक्सेलांच्या बरोबर निम्मा. निम्माच का, हे कागदावर मांडून बघा: पहिली फेरी ० वाचून १ लिहिते, पण ते लिहिलेलं दिसायच्या आत दुसरी फेरीही ० वाचते आणि १ च लिहिते. तिसरी आणि चौथी दोघीही १ वाचून २ लिहितात. टूल ज्या आयआय २ वर अडलं होतं, तोच २ इथे भागाकार होऊन आला. झाकण तसंच राहिलं म्हणून वाचलो, नाहीतर हा बग ग्राहकाकडे गेला असता.

खरा इलाज दोन प्रकारचा. पहिला फॉरवर्डिंगचा: नुकतंच लिहिलेला पत्ता आणि त्याची किंमत रजिस्टरमध्ये ठेवायची, नवा पत्ता तोच असेल तर मेमरीऐवजी रजिस्टरमधून घ्यायची. असं केल्यावर ‘अवलंबन नाही’ ही साक्ष खरी होते. पण किती पत्ते लक्षात ठेवायचे हे वाचन आणि लेखन यांच्यातल्या सायकलवर ठरतं. एकच ठेवला, आणि वेगासाठी मेमरीच्या वाचनाला दोन सायकल लागायला लागल्या, की अ-अ हा क्रम पास होतो आणि अ-ब-अ फेल. हे शोधायला फार वाईट, कारण कोड आदल्या दिवसाचाच असतो आणि बदललेलं असतं फक्त क्लॉक.

दुसरा इलाज मला जास्त आवडतो. हिस्टोग्राम दोन घ्या, दोन वेगळे ॲरे. एका फेरीत दोन पिक्सेल, समाचा एका ॲरेत, विषमाचा दुसऱ्यात. शेवटी दोन्हींची घराघराने बेरीज. कुठलीही साक्ष द्यायची नाही, टूलचा करार जसाच्या तसा. रिपोर्टमध्ये आयआय २ च दिसत राहील, पण दोन सायकलमध्ये दोन पिक्सेल गेले म्हणजे सायकलला एक पिक्सेल झाला. (पिक्सेल स्ट्रीममधून येत असतील तर दोन सायकलला दोन वाचनं बसतातच.) मेमरी दुप्पट लागते; २५६ घरांच्या हिस्टोग्रामला त्याचं कुणाला काही वाटू नये.

म्हणजे आयआयचा आकडा एकटा वाचायचा नसतो, एका फेरीत किती काम होतं त्याच्यासोबत वाचायचा असतो. तुमचा चौथा लूप हेच सांगतोय.

तिथे घडलं ते असं. व्हिटिसच्या आपोआप पाइपलायनिंगचा डिफॉल्ट नियम आकडेमोडीचा नाही, उंबरठ्याचा आहे. सगळ्यात आतल्या लूपच्या फेऱ्या ६४ हून जास्त असतील तर तोच लूप पाइपलाइन करायचा. ६४ किंवा कमी असतील तर तो पूर्ण अनरोल करायचा, म्हणजे सगळ्या फेऱ्या सुट्या उलगडून मांडायच्या, आणि त्याच्या बाहेरचा लूप पाइपलाइन करायचा. तुमच्या आत ४८ फेऱ्या, म्हणून त्या सपाट झाल्या आणि रिपोर्टमधून नाव गेलं. आता बाहेरच्या एका फेरीत ४८ वाचनं आणि तेवढेच गुणाकार, मेमरीला दोन पोर्ट, आयआय २४. सायकलला दोन गुणाकार होतात. १०२४ फेऱ्यांना साधारण २४,६०० सायकल.

आतल्या लूपवर आयआय १ लावलात तर सायकलला एकच गुणाकार. शिवाय बाहेरच्या प्रत्येक फेरीत आतली पाइपलाइन नव्याने भरायची आणि रिकामी करायची: खोली ८ धरली तर ८ + ४७ = ५५ सायकल, गुणिले १०२४, म्हणजे ५६,३२०. दोन्ही लूप मिळून एकच सलग लूप झाला तर ही भरणं-रिकामं करणं वाचतं आणि आकडा ४९,१५९ वर येतो. टूल असं आपोआप करतंही, पण आतल्या लूपच्या आधी-नंतर काही काम नसेल तरच. तुमचं ‘बेरीज शून्य करा’ आणि ‘निकाल लिहा’ बाहेर आहे. ते आत घेऊन पहिली फेरी, शेवटची फेरी अशा अटींवर टाकावं लागेल. तरीही २४ वाल्याच्या दुप्पट वेळ लागणारच.

उलट दिशेने, तुम्ही ॲरे पूर्ण विभागून प्रत्येक घर वेगळं रजिस्टर केलंत तर पोर्टांची अडचण संपते, बाहेरच्या लूपला आयआय १ मिळतो आणि ४८ गुणक खरोखर चिपवर बसतात. ते परवडतं का हे टूलला ठाऊक नसतं. उंबरठ्याचा नियम बघतो फक्त फेऱ्यांची संख्या. आतला लूप ६४ चा ६५ झाला की सगळं आर्किटेक्चर पालटतं आणि कुठे एक इशाराही येत नाही. कोणीतरी फिल्टरची लांबी बदलते आणि क्षेत्रफळ दसपट कमी-जास्त होतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून माझी सवय अशी: वेळापत्रक बसवणं टूलवर सोडतो, त्यात ते माझ्यापेक्षा चांगलं आहे, कुठला लूप पाइपलाइन करायचा हे मात्र मीच लिहितो. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये तो उंबरठा ० करतो, म्हणजे आपोआप पाइपलायनिंग बंद, आणि हव्या त्या लूपवर प्रॅग्मा देतो. पहिल्या दिवशी नुसता अंदाज घ्यायचा असेल तेव्हा आपोआपचं चालू ठेवायला हरकत नाही. तुमच्या चौथ्या लूपसाठी मी आतला लूप ४ किंवा ८ पटीने अनरोल करेन, ॲरे तेवढ्याच मेमरींत विभागेन आणि दरम्यानचं कुठेतरी थांबेन. किती, ते पुढच्या ब्लॉकला किती वेगाने डेटा हवा त्यावर.

व्हाइल लूपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे गाठ पडेलच. थांबायची अट त्याच फेरीत वाचलेल्या डेटावर असेल तर ती कळेपर्यंत पुढची फेरी सुरू करता येत नाही, आणि तेच चक्र होतं. फेऱ्यांची कमाल मर्यादा ठाऊक असेल तर फॉर लूप करा आणि आत एक झेंडा (थांबायचं का हे सांगणारा बिट) ठेवा.

आयआय १ मिळाल्यावरही एक खड्डा उरतो. डिफॉल्ट पाइपलाइन इनपुट नसलं की जागच्या जागी थांबते, आणि आतले निकालही आतच अडकतात. स्ट्रीममधून शेवटचा पिक्सेल आत गेला, मागून काही येत नाही, शेवटचे काही निकाल बाहेर पडत नाहीत. समोरचा ब्लॉक त्या निकालांसाठी थांबलेला असेल आणि त्यामुळेच नवं इनपुट येत नसेल, तर दोघेही कायमचे थांबतात. पाइपलाइनची स्टाइल बदलून ती रिकामी होऊ देणारी करता येते. त्यात फेऱ्यांमध्ये साधनं वाटून घेता येत नाहीत, म्हणून क्षेत्रफळ किंवा आयआय वाढू शकतो. लूप स्ट्रीमवर असेल तर ही निवड पहिल्याच दिवशी करा.

पत्ते खरोखर डेटावर असतील आणि क्वचितच सारखे येत असतील, तिथे आधीच ठरवलेलं वेळापत्रक मुळातच कमी पडतं. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठातल्या डायनॅमॅटिकसारखी टूल निर्णय चालू हार्डवेअरवर सोडतात: पत्ते वेगळे तर धावत राहा, सारखे आले तरच थांबा. त्यासाठी लागणारी, वाचन-लेखनाचे पत्ते ताडून बघणारी लोड-स्टोअर रांग जागा खाते आणि क्लॉकही खाली ओढते. तुमच्या हिस्टोग्रामला एवढ्याची गरज नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी टेस्टबेंचमधली फ्लोटची तुलना सैल करा, मग बेरजेचा लूप, मग दोन ॲरेंचा हिस्टोग्राम, चौथा सगळ्यात शेवटी. आणि हिस्टोग्रामच्या टेस्टमध्ये एक पूर्ण काळी फ्रेम घाला, आणि एक अशी जिच्यात दोनच किमती आलटून पालटून येतात. सगळ्या घरांची बेरीज दोन्ही वेळा पिक्सेलांच्या संख्येएवढी भरली पाहिजे.